दुसरा गिअर

मे महिना, तरी आयडाहोच्या या कोपऱ्यात
शेडच्या सावलीत बर्फाचा एक मळका तुकडा आहेच.
मी पुठ्ठा अंथरून बसले आहे, गुडघ्यांना न विचारता.
जॅकवर आपला तेरा फुटी ट्रेलर,
खांबापाशी एक पाय उचललेल्या कुत्र्यासारखा.

नवे ब्रेक आख्खेच मागवले,
ताटाएवढ्या पत्र्यावर सगळं बसवलेलं.
एकावर एल, एकावर आर.
"काय फरक पडतो, दोन्ही गोलच की," कोल्बी म्हणतो.
शेजारच्या हॉफस्टेटरांचा, सतराचा, ताशी पंधरा डॉलर.
पडतो, बाळा. आखूड लायनर पुढे, लांब मागे.
उलट लावलंस तर दाबेल, पण धरणार नाही.

टोपी, पिन, नट, वॉशर, बेअरिंग:
निघालं त्या क्रमाने वर्तमानपत्रावर.
अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली,
हाताची शिस्त निवृत्त होत नाही.

मग कोल्बीने ड्रम ओढला.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
ही एकोणीस वर्षं झाकलेली.
आत लायनर कोरे, जाडजूड,
कारखान्याची पिवळी रेघसुद्धा पुसलेली नाही.
मॅग्नेटवर नुसता गंज, घासल्याची खूण नाही.
आणि मागे, अ‍ॅक्सलला बांधून ठेवलेल्या
दोन तारा. कशालाच न जोडलेल्या.
दोघींना वेगवेगळी काळी टेप,
टेपचं टोक दुमडलेलं,
पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून.

असं टोक दुमडणारा माणूस
या अख्ख्या काउंटीत एकच होता.

"जोडायलाच विसरलं कुणीतरी," कोल्बी म्हणाला.
मी म्हटलं, दुसरं चाक काढ.
तिथंही तीच घडी.

वेंडेल,
लॉस्ट ट्रेलचा घाट तू दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचास.
मागे पंधरा गाड्या, हॉर्न, एकदा तर शिव्या,
मागच्या सीटवर इन्ग्रिड आणि टेट
एकमेकांवर डोकी टाकून झोपलेले,
आणि मी: अरे, गोगलगाय बरी!
तू म्हणायचास, देखावा बघ.
बाजूला थांबायला जागा दिसली की थांबायचास,
उतरून ट्रेलरच्या चाकाला हात लावायचास,
परत येऊन सांगायचास, गार आहेत. उत्तम.

खोटं नव्हतास बोललास.

लोक म्हणायचे सावध माणूस. मीही म्हणायचे,
तुझ्या दफनाच्या दिवशी तर चर्चमध्ये उभी राहून म्हटलं.
सावध कसला.
घामाने पाठ भिजायची तुझी,
मी समजायचे सीटच तसली आहे.

ट्रकमध्ये बसवायचा कंट्रोलर दीडशे डॉलरचा होता.
त्या वर्षी लाकूड गिरणी बंद पडली
आणि इन्ग्रिडच्या दातांना तारा लावल्या.
हे मी आत्ता जुळवते आहे, पुठ्ठ्यावर बसून,
कदाचित चुकीचंही असेल.
पण पुढची अठरा वर्षं काय होतं, वेंडेल?
सांगायची वेळ निघून गेली की
गोष्ट तशीच गुंडाळून ठेवतो का माणूस?

रागावले. हसलेही, कोल्बी घाबरला इतकी.
मग टेपचं टोक धरलं.
एका ओढीत सुटली.

आता ट्रकमध्ये नवा कंट्रोलर आहे.
खडीच्या रस्त्यावर ताशी वीसने गेलो,
कोल्बीने बोटाने कळ सरकवली
आणि मागून कुणी कोट धरून ओढावं
तसा ट्रेलरने आम्हाला धरलं.
"धरलं!" तो ओरडला.
कळलं रे मला.

शनिवारी एकटीच घाट उतरले.
दुसऱ्या गिअरमध्ये.
ब्रेकवर विश्वास नाही म्हणून नव्हे,
हात आपोआपच गेला तिकडे.
मागच्या लाल गाडीवाल्याने जे म्हणायचं ते म्हटलं.

तुझ्या त्या जागेवर थांबले.
उतरून चाकाला हात लावला.

कोमट होतं.